छोट्या कॅम्पर ट्रेलरच्या आतल्या भिंती आणि सजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडात राहणारी बरीच मराठी कुटुंबं आता जुना, छोटा ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेऊन उन्हाळाभर स्टेट पार्क आणि नॅशनल पार्क पालथी घालतात. ट्रेलर दारात आला की आतल्या तपकिरी, फुलाफुलांच्या भिंती बघून ‘हे आधी बदलायचं’ असं ठरतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधारण १३ ते २० फुटांचे, गाडीमागे ओढून न्यायचे ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान प्रश्न २, ९ आणि १७ वाचावेत.

१. ट्रेलरची आतली भिंत कशाची असते? घरात असते तशी ड्रायवॉल का?

नाही. ड्रायवॉल जड असते आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तिला तडे जातात. बहुतेक अमेरिकन ट्रेलरमध्ये आतून जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा लुआन प्लाय असतो. त्यावर लाकडाच्या रेघांचा नाहीतर फुलांचा छापील व्हिनाइल कागद कारखान्यातच चिकटवलेला असतो.

प्लायच्या मागे काय आहे, त्यावरून दोन मुख्य जाती पडतात. बाहेरून पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दिसत असेल तर आत साधारण दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट असते आणि मधल्या जागेत फायबरग्लासचा कापूस भरलेला असतो. बाहेरची बाजू सपाट, गुळगुळीत फायबरग्लासची असेल तर भिंत बहुधा लॅमिनेटेड असते. म्हणजे चौकट, फोम, आतला प्लाय आणि बाहेरचा थर हे सगळं दाबाखाली एकमेकांना चिकटवून एकसंध केलेलं असतं. रंग दोन्हींवर सारखाच बसतो, पण दुरुस्ती निघाली की (प्रश्न ३) सगळा हिशोब या फरकावर जातो. संपूर्ण फायबरग्लासच्या कवचाचे ट्रेलर वेगळे, त्यांच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. रंगाचा डबा उघडण्याआधी सगळ्यात पहिलं काम कोणतं?

पाणी शोधणं. जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू गळती आहे, आणि ती बहुतेक वेळा भिंतीच्या मागे गुपचूप चालू असते. छापील कागद पाणी अडवून धरतो, त्यामुळे बाहेरून भिंत धडधाकट दिसते. पुढच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा टेकवून दाबून बघा. प्लाय निरोगी असेल तर टणक लागतो. कुजलेला असेल तर कागद तसाच राहतो आणि मागचं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं आत जातं. असं झालं की त्या बाजूची पूर्ण पट्टी वरपासून खालपर्यंत तपासायची, कारण पाणी वरून शिरतं आणि खाली साचतं.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: छत आणि भिंत मिळते ते चारही कोपरे, प्रत्येक खिडकीच्या खालचा भाग, छतावरच्या झरोक्याभोवतीची जागा, बाहेरच्या छोट्या पिवळ्या-लाल दिव्यांच्या मागची बाजू, दाराचा उंबरठा, आणि बाकांखालच्या खणांमधले कोपरे. खणात टॉर्च मारून बघाच, तिथे कारखान्यानेही रंगरंगोटी केलेली नसते आणि डाग लपत नाहीत. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधलं पाहिजे. मागे अ‍ॅल्युमिनियमची चौकट किंवा चंदेरी फॉइल असेल तर यंत्र चुकीचा मोठा आकडा दाखवू शकतं, म्हणून एका आकड्यावर न जाता आजूबाजूच्या जागांशी ताडून बघा.

गळती बंद करायची ती बाहेरून. खिडकीच्या आणि कडेच्या पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी), सपाट रबरी छतावर त्यासाठीच बनवलेलं पसरणारं सीलंट. घरातला सिलिकॉन छतावर लावू नका. रबरावर तो नीट धरत नाही, आणि एकदा लावला की पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. दुरुस्तीनंतर एक-दोन चांगले पाऊस जाऊ द्या, पुन्हा ओल मोजा, आणि मगच आतल्या कामाला हात घाला. हा थांबण्याचा काळ लोकांना नकोसा होतो. पण ओल्या भिंतीवर दिलेला रंग वर्षभरात पोपडे धरतो, आणि तोवर आतली चौकट आणखी कुजलेली असते.

३. ओल सापडली. आता भिंत उघडावी लागणार का?

पत्र्याचा आणि लाकडी चौकटीचा ट्रेलर असेल तर हो, पण घाबरू नका, थोडंफार सुतारकाम येणाऱ्याला ते जमतं. सांध्यावरची पट्टी काढा, खराब प्लाय कापून काढा, भिजलेला कापूस फेकून द्या, आणि चौकट टोच्याने टोचून बघा. मऊ पडलेला लाकडाचा तुकडा कापून त्याच मापाचा नवा बसवायचा. उघडी भिंत पंखा लावून पूर्ण वाळवायची, काळी बुरशी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालून साफ करायची, मग नवा कापूस आणि नवा प्लाय. काढलेला जुना तुकडा टाकू नका, नव्या प्लायचा साचा म्हणून तोच कामाला येतो. ट्रेलरच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात.

लॅमिनेटेड भिंतीचं तसं नाही. पाणी शिरलं की थर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरून फुगवटा दिसतो. हे घरी दुरुस्त करणं अवघड आणि व्यावसायिकाकडून करून घेणं महाग. ट्रेलर अजून घेतला नसेल तर बाहेरच्या भिंतीकडे तिरप्या उन्हात, कडेने बघा. फुगवटा दिसला तर किंमत कितीही मोहात पाडणारी असो, माझं मत सोडून द्या असंच आहे.

४. जुन्या ट्रेलरमध्ये शिसं किंवा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं का?

असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा ट्रेलर असेल आणि कुणीतरी तो आतून रंगवलेला असेल, तर घासण्यापूर्वी चाचणी करा. फरशीच्या जुन्या टाइल्स आणि त्यांच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्या उखडण्यापेक्षा जशा आहेत तशा ठेवून वर नवी फरशी टाकणं बरं. लहान मुलं ट्रेलरमध्ये झोपणार असतील तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घ्या.

५. बंद ट्रेलर उघडला की डोळे चुरचुरतात. हा वास कशाचा?

बुरशी नसेल तर बहुधा फॉर्माल्डिहाइडचा. प्लाय आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून तो वायू हळूहळू बाहेर पडतो. २००५ च्या कट्रीना वादळानंतर अमेरिकी सरकारने बेघर झालेल्यांना ट्रेलर दिले, त्यात राहणाऱ्यांना हाच त्रास झाला. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने २००७ च्या डिसेंबर ते २००८ च्या जानेवारीत अशा ५१९ ट्रेलर आणि मोबाइल घरांतली हवा तपासली तेव्हा सरासरी ७७ पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग) फॉर्माल्डिहाइड सापडलं, काहींमध्ये त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर २०१० मध्ये यासंबंधीचा कायदा झाला.

तुमच्यासाठी याचा उपयोग असा: नवा प्लाय आणताना त्यावर ‘टीएससीए टायटल सिक्स’ असा, म्हणजे याच कायद्याचा, शिक्का आहे का ते बघा. बसवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला आणि कडांनाही प्रायमरचा हात द्या, त्याने वायू कमी सुटतो आणि ओलीपासूनही बचाव होतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की उत्सर्जन वाढतं. म्हणून उन्हात उभा असलेला ट्रेलर वापरण्याआधी सगळ्या खिडक्या उघडून मोकळा करा.

६. छापील कागद काढून टाकू की त्यावरच रंग देऊ? कोणता प्रायमर, किती हात?

कागद काढू नका. तो प्लायला इतका घट्ट चिकटलेला असतो की ओढला तर प्लायचा वरचा थर सोबत येतो आणि भिंत खडबडीत होते. सुटलेल्या कडा असतील तेवढ्या गोंदाने परत चिकटवा.

काम या क्रमाने करा. आधी तेलकटपणा धुवा. त्यासाठी टीएसपी किंवा तशीच चांगली चरबी काढणारी पावडर पाण्यात घालून पुसा आणि मग साध्या पाण्याने परत पुसा. वाळल्यावर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेल इतपतच घासा. फिल्म पातळ असते, जोर लावला तर खालचा कागद उघडा पडतो. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता प्रायमर. रंग टिकणार की नाही ते इथेच ठरतं, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, प्रायमरमध्ये नको. शेलॅकचा प्रायमर व्हिनाइलला घट्ट धरतो, जुने डाग आणि धुराचा वास कोंडून टाकतो. मात्र त्यात अल्कोहोल असतं, वास उग्र येतो आणि वाफा पेट घेतात. हा वापरत असाल तर गॅसवरचा फ्रिज, हीटर, गिझर सगळ्यांच्या ज्योती बंद आणि सिलिंडरचा कॉक बंद. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि वाफांसाठीचा, कार्ट्रिजवाला मास्क घाला. वास सोसत नसेल तर पाण्यात मिसळणारा ‘बाँडिंग’ प्रायमर घ्या. तो गुळगुळीत पृष्ठभागांसाठीच बनवलेला असतो आणि बहुतेकांना पुरतो. प्रायमर रात्रभर सुकू द्या आणि एका कोपऱ्यात नखाने खरवडून बघा. सालपट निघालं तर धुण्यात किंवा घासण्यात कसर राहिली आहे. तेवढं परत करा, पुढे जाऊ नका.

वर पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात, सॅटिन चकाकीचे. मॅट रंगावर हाताचे डाग पडतात आणि पुसता येत नाहीत, फार चकचकीत रंगात प्लायचा प्रत्येक उंचवटा दिसतो. चार इंची फोमचा रोलर छोट्या जागेत सोयीचा. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर असताना काम करा. हाताला सुकलेला रंग पूर्ण कडक व्हायला महिनाभर लागू शकतो, तोवर भिंतीला गाद्या टेकवून ठेवू नका, चिकटतात. रंग आणि वेळ किती लागेल याचा अंदाज हवा असेल तर प्रश्न १६ पाहा.

७. सांध्यांवरच्या पट्ट्या काढून फटी लांबीने (पुट्टीने) भरल्या तर भिंत सलग दिसेल ना?

गॅरेजमध्ये उभा असताना दिसेल. रस्त्यावर निघाल्यावर ट्रेलरची पेटी प्रत्येक खड्ड्यात पिळली जाते, आणि कडक लांबी त्या हालचालीत तडकते. पट्ट्या त्यासाठीच आहेत: त्यांच्याखाली प्लायला सरकायला जागा मिळते. पट्ट्या काढून, भिंत रंगवून, त्याच जागी पातळ लाकडी पट्ट्या लावल्या तर खोलीला नीटस चौकटी मिळतात आणि तेच जास्त शोभतं. कोपऱ्यातल्या बारीक फटींसाठी रंग धरणारं, लवचीक अ‍ॅक्रिलिक कॉक, म्हणजे फटी भरायची मऊ पेस्ट, वापरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

८. चिकटवायचे तयार वॉलपेपर ट्रेलरमध्ये टिकतात का?

काही ठिकाणी. बंद ट्रेलर उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो आणि हिवाळ्यात गोठतो, त्या ताणात स्वतः चिकटणाऱ्या कागदाचा गोंद कडांवरून सुटायला लागतो. जुन्या व्हिनाइलवर थेट लावला तर लवकर सुटतो. आधी भिंत धुऊन, प्रायमर आणि रंगाचा हात देऊन, तो पूर्ण कडक झाल्यावर लावला तर बराच टिकतो. कोपऱ्यात एकच तुकडा वळवू नका. कोपऱ्याशी कापा आणि दुसऱ्या भिंतीवर नवा तुकडा सुरू करा. संपूर्ण ट्रेलरभर तो लावण्यापेक्षा पलंगामागची किंवा टेबलाजवळची एक भिंत निवडा. चुलीजवळ मुळीच नको (प्रश्न १०).

९. भिंतींना लाकडी फळ्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे टाइल लावायची आहे. ट्रेलर पेलेल का?

याचं उत्तर वजनकाट्यावर आहे. ट्रेलरच्या दाराजवळ किंवा बाहेर पुढच्या डाव्या कोपऱ्यात एक स्टिकर असतं, त्यावर ट्रेलरचं जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात तुमचं पाणी, सिलिंडर, बॅटरी, भांडी, कपडे, सायकली आणि तुमची सजावट असं सगळं बसवायचं असतं. छोट्या ट्रेलरमध्ये हा आकडा धक्का बसावा इतका लहान असतो. नुसतं पाणीच गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरतं.

आता फळ्यांचा हिशोब. पाइनची पाव इंची फळी एका चौरस फुटाला साधारण अर्धा ते पाऊण पौंड. पाऊण इंची शिपलॅप (एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या फळ्या) त्याच्या तिप्पट. १०० चौरस फूट भिंत धरली तर पातळ फळीचे ६० पौंडांच्या आसपास, जाड फळीचे १७० च्या आसपास. चिनीमातीची टाइल आणि तिचा मसाला मिळून याच क्षेत्राला ४०० पौंडांच्या घरात जातो, आणि शिवाय हादऱ्यांनी सांधे सुटतात. म्हणून टाइल नको. फळ्या हव्याच असतील तर पाव इंची, आणि एका भिंतीपुरत्या.

वजन कुठे टाकता हेही तितकंच महत्त्वाचं. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीवर टेकतो तिथे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. मागच्या भिंतीला भरपूर लाकूड ठोकलं की पुढचा भार हलका होतो आणि हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. हे जिवावर बेतणारं आहे, यात तडजोड नको. काम संपलं की ट्रक थांबतात तिथल्या सार्वजनिक काट्यावर ट्रेलर, प्रवासाला निघताना असतो तसा भरून, वजन करून घ्या.

१०. फोडणीने चुलीमागची भिंत पिवळी पडते. काय लावू?

हा खास आपला प्रश्न, आणि अमेरिकन पुस्तकांत याचं उत्तर मिळत नाही. ट्रेलरची चूल भिंतीपासून वीतभर अंतरावर असते, त्यामुळे मोहरी तडतडली की हळदीचं तेल थेट भिंतीवर जातं. रंगवलेल्या प्लायवर ते मुरतं. जेलच्या चिकटवायच्या टाइल्स सुंदर दिसतात, पण त्या प्लास्टिकच्या असतात. ज्योतीजवळ मऊ पडतात आणि त्यांच्या खाचांत तेल बसतं.

मी सुचवते तो उपाय: पातळ स्टेनलेस स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. चुलीच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त आणि वर धुराड्याच्या तळापर्यंत. पत्र्याच्या दुकानात मापाने कापून आणि कडा दुमडून मिळतो. चारही बाजूंनी छोट्या स्क्रूने चौकटीला धरायचा, नुसत्या गोंदावर सोडायचा नाही. चुलीच्या माहितीपुस्तिकेत भिंत आणि ज्योत यांत किती अंतर हवं ते दिलेलं असतं, पत्रा लावल्याने ते अंतर कमी करता येत नाही. चुलीच्या शेजारी पडदा असेल तर काढा.

आधीच पडलेला हळदीचा डाग घासून जात नाही. साबणाने तेल काढा आणि त्या भागावर चार दिवस ऊन येऊ द्या, उन्हाने हळदीचा रंग उडतो. उरला तर शेलॅकचा प्रायमर तो झाकतो. आणि माझ्या घरी पाळला जातो तो नियम सांगते: कढईतली फोडणी, पापड, मासे बाहेरच्या शेगडीवर. आतल्या चुलीवर चहा, भात, खिचडी. भिंत तर वाचतेच, आतला ओलावाही कमी होतो (प्रश्न १२).

११. भिंतीवर शेल्फ, फ्रेम, छोटं देवघर कसं अडकवायचं?

३ मिलिमीटरचा प्लाय स्क्रू धरत नाही, हे गृहीत धरूनच चाला. वजनाची वस्तू चौकटीच्या पट्टीतच ठोकायची. पट्टी शोधायला भिंतीवर छोटं चुंबक फिरवा, जिथे टाचण्यांची सरळ रांग लागते तिथे मागे लाकूड आहे. स्क्रू पाऊण इंचाहून लांब नको. भिंत एकूण दोन इंचांच्या आतबाहेर असते, लांब स्क्रू सरळ बाहेरच्या पत्र्यात शिरतो आणि तुम्हीच गळती तयार करता. ड्रिल चालवण्याआधी बाहेरची वीज काढा आणि बॅटरीही सोडवा. भिंतीत १२० व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या अशा दोन्ही तारा असतात आणि त्या कुठून गेल्या आहेत हे सांगता येत नाही.

फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक. खालच्या दोन कोपऱ्यांना व्हेल्क्रोचे तुकडे लावले की फ्रेम प्रवासात आपटत नाही. देवघरासाठी बऱ्याच जणांनी वरच्या कपाटाचा एक कप्पा दार काढून वापरला आहे, ते मला आवडतं: मूर्ती पडत नाही आणि भिंतीला भोक पडत नाही. समई मात्र बाहेर टेबलावर. आत बॅटरीचा दिवा लावा.

१२. थंडीत भिंतींना आतून पाणी सुटतं. रंग चुकला का?

रंगाचा दोष नाही. चार माणसांचा श्वास, ओले टॉवेल, उकळतं पाणी, आणि गॅस जळताना तयार होणारी वाफ हे सगळं एवढ्याशा जागेत कोंडतं आणि थंड भिंतीवर थिजतं. बुरशीरोधक रंगाने डाग थोडे उशिरा येतात, पाणी थांबत नाही. छतावरचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, थंडी असली तरी. गाद्या भिंतीपासून थोड्या सरकवा आणि त्यांच्याखाली पट्ट्यांची जाळी टाका, खालून हवा फिरली पाहिजे. सगळ्यात आधी बुरशी धरते ती कपाटांची मागची बाजू, तिथे पातळ फोम चिकटवला तर फरक पडतो. गॅसची चूल खोली गरम करायला कधीही वापरू नका, कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

१३. आमचा ट्रेलर पूर्ण फायबरग्लासचा, गोलसर आहे. त्याला हे सगळं लागू होतं का?

अर्धंच. विनिपेगमध्ये १९६८ पासून बनलेला बोलर, मिनेसोटाचा स्कॅम्प, टेक्सासचा कसिटा हे सगळे दोन कवचं जोडून केलेले. भिंतीत लाकडी चौकट नसते, त्यामुळे प्रश्न ३ आणि ११ इथे गैरलागू. जुन्या बोलर-स्कॅम्पमध्ये आतून व्हिनाइल लावलेला मऊ फोम असतो, काहींमध्ये गालिच्यासारखं कापड. मऊ फोमवर कडक शेलॅक प्रायमर तडकतो, तिथे लवचीक अ‍ॅक्रिलिक बाँडिंग प्रायमर वापरा. कापड रंगवू नका, धुऊन बघा, नाहीतर बदला.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा: या ट्रेलरमधली कपाटं आणि कोठड्या छताला आधार देतात. मोकळी जागा हवी म्हणून कपाट काढून टाकलं की काही काळाने छत खचतं आणि खिडक्या गळू लागतात. काढायचंच असेल तर त्या जागी खांब किंवा कमान हवी.

१४. १९६० च्या आसपासचा शास्टा कंपनीचा ट्रेलर मिळाला आहे, आत मधाळ रंगाचं लाकूड आहे. पांढरा रंग देऊ का?

कृपया देऊ नका. त्या काळातल्या भिंती बर्च प्लायच्या असत, खऱ्या लाकडाच्या, आणि अशा आतल्या बाजू जपलेले ट्रेलर आता कमी राहिले आहेत. एका कोपऱ्यात डिनेचर्ड अल्कोहोलचा बोळा फिरवून बघा. वरचा थर विरघळला तर तो शेलॅक आहे आणि नव्या शेलॅकचा हात त्यावर सहज मिसळतो. पाण्याचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिके होतात. खोली उजळ करायची असेल तर पडदे आणि गाद्या फिकट घ्या, भिंत तशीच राहू द्या. चंदेरी एअरस्ट्रीम ट्रेलरचंही तेच: आतली भिंत अ‍ॅल्युमिनियमची असते. कोणता थर वर आहे ते ओळखल्याशिवाय तिला हात लावू नका.

१५. खण, इरकल, गोधडी, वारली चित्रं असं काही आपलं आत आणायचं आहे. काय चालेल?

यातलं बरंच काही चालतं आणि छान दिसतं. फक्त जागा एवढी लहान आहे की एकाच गोष्टीला मान द्यावा लागतो. खणाचं कापड उशांच्या अभ्र्यांना आणि पडद्यांच्या काठाला वापरा. संपूर्ण पडदा खणाचा केला तर ट्रेलरच्या खिडकीतल्या उन्हात तो एका उन्हाळ्यात फिका पडतो. करायचाच असेल तर मागे पांढरं अस्तर लावा. जुन्या सुती साड्यांची गोधडी रजईपेक्षा हलकी, घडी लहान होते आणि धुता येते. रात्री पांघरूण, दिवसा बाकावरची बैठक.

वारली चित्रासाठी एक लहान भिंत, नाहीतर कपाटांची दारं निवडा. पालघर-डहाणू भागात ही चित्रं गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठीने काढतात. ती पिठी ट्रेलरच्या रंगावर धरणार नाही. गेरूच्या छटेचा अ‍ॅक्रिलिक रंग द्या, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने बारीक ब्रशने चित्र काढा, आणि आठवडाभराने पाण्यात मिसळणाऱ्या मॅट पॉलियुरेथेनचा हात द्या. मुलांना यात घ्या. झोपडी, झाडं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर तर असतोच, पण तुमची गाडी आणि मागचा ट्रेलरही त्यात काढता येतो. बाकीच्या भिंती मग फिकट ठेवा.

१६. वेळ आणि रंग किती लागेल?

१६ फुटी ट्रेलरमध्ये खिडक्या-कपाटं वगळून रंगवायची भिंत साधारण दीडशे ते दोनशे चौरस फूट निघते. एक गॅलन रंग ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे दोन हातांना एक गॅलन बस. भिंत कोरडी असेल तर धुणं-घासणं-प्रायमर एका शनिवार-रविवारी आणि रंग पुढच्या. छत रंगवायचं असेल तर भिंतींच्या आधी. ओल निघाली तर हे वेळापत्रक विसरा.

१७. कशावर रंग, कापड किंवा फ्रेम येऊ द्यायची नाही?

लाल मुठी असलेली खिडकी ही आगीत बाहेर पडायची वाट असते. तिच्यासमोर शेल्फ, जड पडदा, काहीही नको, आणि रंगाने ती चिकटली नाही ना हे उघडून बघा. जमिनीलगतचा गॅसचा डिटेक्टर आणि धूर, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म रंगवू नका. तारीख उलटली असेल तर याच वेळी बदलून टाका. हीटरची जाळी आणि फ्रिजमागची हवा फिरायची वाट मोकळी ठेवा. आणि वजनाचं स्टिकर व ट्रेलरचा ओळखक्रमांक टेप लावून झाका, रंग झाला की टेप काढा. विकताना आणि विम्यासाठी ते वाचता यावे लागतात.

१८. ट्रेलर नवा आहे, वॉरंटी चालू आहे. तरी बदल करू का?

भिंतीला भोक पाडू नका, एवढंच पाळा. अभ्रे, पडदे, सतरंजी, निघणारे हुक याने बरंच साधतं. लॅमिनेटेड भिंतीत स्क्रू मारला आणि पुढे तिथून ओल धरली तर कंपनी हात वर करू शकते. करायचंच असेल तर आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

१९. आम्ही महाराष्ट्रात आहोत. राज्यात कॅराव्हॅन पर्यटन सुरू झालंय, इथे हीच पद्धत चालेल का?

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, पण इथे ओढायच्या ट्रेलरपेक्षा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्याच जास्त. रंगाची रीत तीच. सामान निवडताना कोकणातला पावसाळा धरा: प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन ग्रेडचा, कडांना प्रायमर, आणि मागे हवा खेळायला जागा. चुन्याची किंवा पांढऱ्या सिमेंटची पुट्टी गाडीत वापरू नका, हादऱ्यांनी गळून पडते. आतला रंग आणि पडदे बदलणं तुमच्या हातात आहे. खिडकी नवी पाडणं, आसनं काढणं, गॅस बसवणं यांसारखे बदल मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतात. त्यासाठी काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.